लवूच्या स्क्रीनची फाईल

स्वप्नीलने मशीनचं बटण दाबलं आणि काळ्या स्क्रीनवर पिवळ्या अक्षरांत उमटलं : ‘काय म्हणतोस, स्वप्नील?’

दुसऱ्या माळ्याच्या गॅलरीत बसलेली सगळी पोरं एकदम ओरडली. स्वप्नील तर असा लाजला की जणू त्याला स्थळ सांगून आलंय. सम्यक कठड्याला टेकून उभा होता. तोंडात सुपारी नव्हती, काही नव्हतं, तरी त्याला पचकन थुंकावंसं वाटलं.

“मराठीत येतं रे!” लवू म्हणाला. “सम्या, बघितलंस? मेनू पण मराठीत. हे बघ, ‘मागचा खेळ’, ‘आवडते’, ‘बंद कर’.”

“दिसतंय. आंधळा नाही मी.”

“वैशालीने केलं. एका दुपारात.”

“मग ओवाळ तिला.”

लवू हसला. त्याला वाटलं सम्या मस्करी करतोय. लवूला नेहमी असंच वाटायचं, तोच तर त्याचा प्रॉब्लेम होता.

भोईवाड्यातल्या त्या चार नंबरच्या चाळीत गेल्या दिवाळीपासून हातात मावणाऱ्या गेमच्या मशिनींचं खूळ आलं होतं. चायनाचा माल, साबणाच्या डबीपेक्षा जरा मोठा. आत नखाएवढं कार्ड, आणि त्या कार्डावर कंपनीने टाकलेली सिस्टम, जी रेशनच्या रांगेसारखी पुढे सरकायची. पण तेच कार्ड काढून त्यावर दुसरी सिस्टम टाकली, जगभरची पोरं हौसेने बनवतात ती लिनक्सवाली, की तीच मशीन पळायला लागायची. मग तिच्यावर इम्युलेटर चढवायचे. इम्युलेटर म्हणजे सोंगाड्या. तो मशीनला कधी तीस वर्षांपूर्वीच्या टीव्हीगेमचं सोंग घ्यायला लावतो, कधी व्हिडिओगेम पार्लरमधल्या उभ्या डब्याचं. मशीन एक, सोंगं पन्नास.

आणि चाळीत हे काम येत होतं एकालाच. सम्यकला. वय सतरा. दहावीच्या सहामाहीत बाईंशी भांडून वर्गाबाहेर पडला, तो पुन्हा आत गेलाच नाही. त्याचा लॅपटॉप सेकंडहँड, बिजागरी तुटलेली, मागे पोह्यांचा डबा लावल्याशिवाय झाकण उभं राहायचं नाही. इंग्रजीत त्याला बावीस मार्क पडले होते. पण इंटरनेटवर कुठल्या कुठल्या देशांतली पोरं ह्या मशिनींबद्दल जे काय लिहितात, ते तो दुपार दुपार वाचत बसायचा, एकेक शब्द मोबाईलवर शोधून. बाईंनी हे बघितलं असतं तर चक्कर आली असती.

त्याची एक पद्धत होती. मशीन हातात आली की आधी तिच्या कार्डावरून एक छोटी फाईल काढायची आणि आपल्या पेन ड्राइव्हमध्ये ठेवायची. त्याशिवाय कार्डाला बोट लावायचं नाही. कारण ह्या मशिनींत एक गोम होती. वरून सगळ्या सारख्या दिसतात, पण आत ज्या दिवशी जी स्क्रीन स्वस्त मिळाली ती बसवलेली. प्रत्येक जातीच्या स्क्रीनची आपली वेगळी फाईल. सम्यक त्या फाईलला ‘आधार कार्ड’ म्हणायचा. नवीन सिस्टम टाकताना ती फाईल परत जागेवर ठेवली नाही, तर मशीन आतून चालू, पण स्क्रीन ठार काळी. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. स्वतःची मशीन आठ दिवस काळी ठेवून, जेवण सोडून, आईच्या शिव्या खाऊन तो ते शिकला होता.

त्या पेन ड्राइव्हमध्ये चार फोल्डर होते : अजित, स्वप्नील, राहुल, लवू. पहिल्या तिघांची स्क्रीन एकाच जातीची, जी सगळीकडे चालते तीच. लवूची एकटीची वेगळी होती. हे सम्यकने कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं नाही, असं तो म्हणायचा. खरं म्हणजे कुणी विचारू नये असंच त्याला वाटायचं. पोरं ‘सम्याभाई’ म्हणून दारात उभी राहायची, मशीन घेऊन, आणि सम्याभाई म्हणायचा, “ठेव तिकडे. संध्याकाळी ये.” दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरची नसेल अशी वट.

आणि त्याच्या शेजारी लवू. लवूचं काम मोबाईलची बॅटरी धरायची आणि “वा” म्हणायचं. बालवाडीपासूनचे दोस्त. लवू त्याच्यापेक्षा एका वर्षाने मोठा, कुरिअरमध्ये नोकरीला, पहिल्या पगारातून त्याने ही मशीन घेतली होती. घेतली आणि पॅकिंग न फोडता सरळ सम्यकच्या हातात दिली. “तूच उघड,” म्हणाला. असं कोण करतं?

मग मार्चमध्ये वैशाली आली.

वैशाली म्हणजे वरच्या माळ्यावरच्या कोंडीरामची भाची. माहीमचं त्यांचं घर दुरुस्तीला काढलं म्हणून मामाकडे राहायला आलेली. कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होती, दुसरं वर्ष. बोलणं असं की बातम्या देतेय. चाळीत सगळे ‘सम्या’ म्हणायचे, ही एकटी पूर्ण नाव घ्यायची.

“सम्यक, तू कोणती सिस्टम टाकतोस? मला दाखवशील का?”

“ते असं बघून येत नाही. लोचा होतो.”

“बरं,” ती म्हणाली.

बस. बरं. भांडली नाही, तोंड वाकडं केलं नाही. घरी जाऊन स्वतःच शिकली आणि तीन आठवड्यांत राहुलच्या मशीनवर ‘जय भीम, राहुल’ आणून दाखवलं. सम्यकला ह्या ‘बरं’चा जेवढा राग आला तेवढा बाईंच्या छडीचाही आला नव्हता.

त्याने पण मराठी मेनू करून बघितला. दार लावून, कुणाला न सांगता. ‘खेळ’ लिहिलं, कार्ड घातलं, मशीन चालू केली. ‘खेळ’च्या जागी दोन रिकामे चौकोन आले. ‘आवडते’च्या जागी चार चौकोन. अख्खा मेनू म्हणजे खिडक्याच खिडक्या. दोन तास डोकं आपटलं, शेवटी लॅपटॉपच्या मागचा पोह्यांचा डबा असा ओढला की पोहे मोरीपर्यंत गेले.

आणि इकडे लवूचं चालू. वैशाली म्हणते असं. वैशालीला हे येतं. वैशालीने सांगितलंय कार्ड चांगल्या कंपनीचं घे. सम्यकने एका रविवारी मोजलं. आंघोळीच्या आधीच पाच वेळा नाव घेतलं पठ्ठ्याने.

“सम्या, खरं सांग,” अजित एकदा जिन्यात म्हणाला, “तुझा जीव नक्की तिच्यावर आहे की लवूवर?”

सम्यकने त्याला असा ढकलला की अजित चार पायऱ्या बसून उतरला. पण प्रश्न काय त्याच्याबरोबर उतरला नाही.

मे महिना लागला. निम्मी चाळ गावाला. लवूची आई गंगुबाई आणि बहीण सीमा देवगडकडे पुढे गेल्या. लवूला सुट्टी मागाहून मिळणार होती, तो बसने जाणार होता; बसचे आणि तिकडच्या खर्चाचे पैसे आई काढून देऊन गेली होती. तोपर्यंत त्याचं जेवण सम्यकच्या घरी. हे ठरवावं लागलं नाही, दर मेमध्ये तसंच असायचं. सम्यकची आई मीराबाई कुकर लावतानाच एक वाटी तांदूळ जास्त घ्यायची.

“गावाला पोरांना मशीन दाखवायचीये,” शनिवारी जेवता जेवता लवू म्हणाला. “मराठीवाली टाकून घेतो. आज करून देते म्हणाली ती.”

सम्यकचा घास तिथेच थांबला. “माझी सिस्टम काय चावते तुला?”

“तसं नाय रे. गावच्या पोरांना इंग्रजी येत नाय ना.”

दुपारी चारला गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला मैफल भरली. वैशालीने स्टुलावर लॅपटॉप ठेवला, ज्याचं झाकण आपलं आपण उभं राहत होतं. लवू शेजारी, मोबाईलची बॅटरी धरून. भर दुपारी, उजेड असताना, बॅटरी! सम्यक आपल्या दारात बनियन वाळत घालत होता. एक बनियन वाळत घालायला माणसाला जितका वेळ लागतो त्याच्या दसपट वेळ त्याला लागला.

तिने लवूचं कार्ड काढलं. लॅपटॉपला लावलं. आणि सम्यकला दिसलं की ती थेट नवीन सिस्टम लिहायला निघालीय. फाईल न काढता. तिच्या हाताखालून आत्तापर्यंत तीन मशिनी गेल्या होत्या, तिन्ही सारख्या जातीच्या, म्हणून तिला कधी अडलंच नव्हतं. लवूची वेगळी आहे हे तिला कुठून कळणार?

‘थांब,’ एवढंच म्हणायचं होतं. सम्यकने तोंड उघडलं पण.

“जुनं सगळं उडेल, चालेल ना?” वैशालीने विचारलं.

“उडू दे गं,” लवू म्हणाला. “सम्याच्या सिस्टममध्ये तसं काय ठेवण्यासारखं नाय.”

सम्यकने तोंड मिटलं. बनियनला चिमटा लावला. एकाच बनियनला तीन चिमटे.

पाव तासाने कार्ड मशीनमध्ये गेलं. लवूने बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. छोटंसं संगीत वाजलं. स्क्रीन मात्र काळी. पुन्हा दाबलं. पुन्हा संगीत, पुन्हा काळोख. वैशालीने कार्ड पुसून घातलं, परत लिहिलं, दुसरं कार्ड घालून बघितलं. तेच.

“आवाज येतोय म्हणजे सिस्टम चालतेय,” ती शेवटी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. “चित्र नाही, म्हणजे... स्क्रीन गेली असेल का?”

सम्यक आत गेला. छातीत असं गार गार वाटत होतं, उन्हातून येऊन माठाचं पाणी प्यावं तसं.

पाचेक मिनिटांत लवू दारात. “सम्या, बघ ना रे. काय झालं कळत नाय.”

“तुझ्या मॅडमला विचार.”

“तिला नाय समजत. ती म्हणते स्क्रीन.”

“मग असेल स्क्रीन. डिप्लोमा आहे बाबा तिचा. मी काय, नववी पास.” आणि सम्यक हसला. खोखो नाही, नाकातल्या नाकात. लवू उंबऱ्यावर मशीन घेऊन उभा होता, आत आला नाही. पेन ड्राइव्ह दोन हातांवर, फळीवर होता.

“बरं,” लवू म्हणाला आणि गेला. वैशालीच्या त्या ‘बरं’ची त्याला पण सवय लागली होती.

सम्यकचा हिशोब साधा होता. एक दिवस. फक्त एक दिवस पोराला कळू दे आपल्यावाचून काय होतं ते. रविवारी सकाळी जाऊ, म्हणू, “आण इकडे,” दोन मिनिटांत लावू, आणि मग लवूचं तोंड बघू. तिचं त्याहून आधी बघू. हे असं रंगवत तो झोपला, आणि रविवारी उठला साडेदहाला.

“लवू कुठाय?”

“गेला की आठ वाजताच,” मीराबाई म्हणाली. “ती कोंडीरामची भाची आणि तो. लॅमिंग्टन रोडला. मशीन दाखवायला. एक दुकान रविवारीही उघडं असतं म्हणे.”

सम्यक तसाच पायजम्यावर जिना उतरला आणि खाली येऊन उभा राहिला. जाणार कुठे? फोन लावला. लवूने कट केला आणि मेसेज टाकला : ‘काम चालूय. येतो.’ एक मेसेज करता आला असता सम्यकला. ‘स्क्रीन बदलू नको.’ तीन शब्द. त्याने टाईप पण केले. मग त्याच्या डोळ्यांसमोर आलं, लवू तो मेसेज वैशालीला वाचून दाखवतोय, ती विचारतेय, त्याला कसं माहीत? त्याने तिन्ही शब्द पुसले.

दीडला दोघं परत आले. मशीन चालू. ‘येवा, लवू!’ असं स्क्रीनवर येत होतं. दुकानदाराने दुसरी स्क्रीन बसवली होती, ती निघाली सगळीकडे चालणाऱ्या जातीची, त्यामुळे वैशालीच्या कार्डाशी तिचं लगेच जमलं. सगळ्यांना पटलं की स्क्रीनच गेली होती. दुकानदाराला पटलं, वैशालीला पटलं, लवूला तर काय, पटायलाच जन्माला आलेला. आख्ख्या मुंबईत एकालाच माहीत होतं की ती स्क्रीन ठणठणीत होती.

“पोरीने बरोबर ओळखलं,” लवू जेवताना म्हणाला. “आवाजावरून! स्क्रीन महाग लागली पण, आईने दिलेले पैसे त्यातच गेले. गावाला जाणं काय होत नाय आता. गेलो असतो तर परत चालत यावं लागलं असतं.” तो स्वतःच हसला. खिशातून कागदात गुंडाळलेली जुनी स्क्रीन काढून त्याने सम्यकच्या मांडीवर टाकली. “घे. तुझ्या भंगारात टाक.”

“गावाला नाही जाणार?” मीराबाईने विचारलं. “गंगूताई वाट बघेल रे.”

“सांगितलं फोनवर. जरा रडली. पुढच्या मेला जाईन.” 

तेवढ्यात परत फोन वाजला. गंगुबाईच. लवूने तो सम्यकच्या कानाला लावला.

“काय रे सम्या, माझ्या झिलाक उपाशी ठेवू नको हां. तुझ्यावर टाकलंय.”

“हो मावशी,” सम्यक म्हणाला. भात नुसता चिवडत राहिला. आणि गंमत म्हणजे तेव्हासुद्धा आतून जे जळत होतं ते गावाबद्दल कमी आणि ‘पोरीने बरोबर ओळखलं’ ह्याबद्दल जास्त. त्याचं त्यालाच कळत होतं, आणि थांबवता येत नव्हतं.

पुढचे आठ दिवस लवू रोज जेवायला आला. रोज मीराबाई म्हणायची, “लाजू नकोस, घे,” आणि रोज वैशालीचं काहीतरी ताटात यायचंच. सम्यक माशाचे काटे काढण्यात इतकं लक्ष द्यायला लागला की एकदा आईने विचारलं, “आज वांगं आहे रे, काटे कसले काढतोस?”

मंडळाच्या उन्हाळी स्पर्धा रविवारी होत्या. दरवर्षी कॅरम आणि चमचा-लिंबू; यंदा पहिल्यांदा ‘गेम स्पर्धा’. व्यायामशाळेत टेबलावर तीन मशिनी मांडलेल्या, अजितची, राहुलची, लवूची. बारा वर्षांखालची पोरं, प्रत्येकाला पाच मिनिटं. राहुलची नऊ वर्षांची बहीण प्रिती आली आणि सगळ्यांना धुऊन गेली. सम्यक मागे डंबेल्सच्या रॅकवर बसला होता. त्याला मशिनींजवळ कुणी बोलावलं नव्हतं, आणि बोलावल्याशिवाय जाणाऱ्यातला तो नव्हता.

बक्षिसं झाली. मग मंडळाचे अध्यक्ष शामराव माईकवर आले. “आता एक सत्कार. आपली वैशाली. पोरांच्या मशिनींना मराठी शिकवली हिने. आणि लवूची मशीन तर मेलेली, हिने नाडी बघून सांगितलं रोग काय ते! ये बाळ.”

गुलाब, श्रीफळ, टाळ्या. सगळ्यात जोरात टाळ्या लवूच्या. वैशालीने माईक घेतला नाही, नुसती हसली. ते साधेपण सम्यकच्या डोक्यात गेलं. अशी साधी राहून ती सगळंच घेऊन जात होती.

“स्क्रीन गेली नव्हती!”

आपणच ओरडलो हे सम्यकला जरा उशिरा कळलं. सगळे मान वळवून बघत होते.

“ए पोरा, खाली बस,” शामराव म्हणाले.

“नाही बसत, काका. नाडी बघितली म्हणे! स्क्रीन ठणठणीत होती. हिला काय कळत नाही त्यातलं. दहा मिनिटं द्या मला. नाही दाखवलं तर उद्यापासून चाळीत तोंड दाखवणार नाही.”

“द्या हो दहा मिनिटं, मज्जा येईल,” अजित मागून ओरडला.

सम्यक पळत वर गेला, पळत खाली आला : पेचकस, जुनी स्क्रीन, पेन ड्राइव्ह, आपलं कार्ड, लॅपटॉप, पोह्यांचा डबा. लवूने विचारात पडून मशीन पुढे केली. सम्यकने चार स्क्रू काढले, रिबनसारखी चपटी वायर सोडवली, दुकानदाराची स्क्रीन बाजूला, जुनी जागेवर. हात असे चालत होते की व्यायामशाळा गप्प झाली. पोरं टेबलावर चढून बघत होती. आधी वैशालीचं कार्ड घातलं : संगीत, काळोख. “दिसलं? हीच स्क्रीन ‘गेलेली’.” मग आपल्या कार्डावर फाईल टाकली, घातलं, बटण दाबलं.

स्क्रीन उजळली. लख्ख.

जो काय आरडाओरडा झाला! “सम्याभाई! सम्याभाई!” स्वप्नीलने तर त्याला मागून उचललाच. शामराव म्हणाले, “अरे, हा तर घरचाच डॉक्टर निघाला.” दोन महिने सम्यक ज्यासाठी तडफडत होता ते सगळं त्या एका मिनिटात त्याच्या अंगावर पडलं.

वैशाली टेबलावर वाकून बघत होती. “म्हणजे प्रत्येक स्क्रीनची फाईल वेगळी? आणि ती आधी काढून ठेवायची? मला माहीतच नव्हतं.” ती लवूकडे वळली. “लवू, माझी चूक झाली. स्क्रीनचे पैसे तुझे उगीच गेले. सॉरी.” पुन्हा सम्यककडे. “तू केव्हा काढून ठेवली होतीस ही?”

“नोव्हेंबरमध्येच!” सम्यक अजून हवेत होता. “ह्याची मशीन आली त्याच दिवशी. आपलं काम पक्कं असतं. हे बघ, नावासकट फोल्डर. लवू.”

बोलून झालं, आणि मग त्याला आपलं बोलणं ऐकू आलं.

लवू लॅपटॉपच्या पडद्यावरच्या त्या फोल्डरकडे बघत होता. लवूला सगळं उशिरा कळायचं, पण कळायचं नाही असं नव्हतं.

“म्हणजे त्या शनिवारी मी आलो, तेव्हा तुझ्याकडे होती.”

“अरे पण तू मागितली कुठे?”

“मला माहीत होतं काय मागायचं ते?”

“मी देणारच होतो. रविवारी. तूच सकाळी...”

“मी दारात उभा होतो, सम्या.” आवाज चढला नव्हता. “तू हसलास. मला वाटलं वैशालीला हसतोयस.”

अजितला सगळ्यात आधी समजलं. तो टेबलावरून हळूच खाली उतरला. शामरावांना काही समजलं नाही, त्यांनी टाळ्या सुरू ठेवल्या, मग एकटेच वाजवतोय म्हणून थांबले.

“ह्यात आता कुठली स्क्रीन आहे?” लवूने विचारलं.

“तुझी. जुनी.”

“स्क्रू लाव.”

सम्यकने चारही स्क्रू लावले. शेवटचा दोनदा पडला. लवूने मशीन खिशात घातली आणि गेला. जाताना वैशालीला म्हणाला, “तुझी चूक नाय काय.” दुकानदाराची स्क्रीन टेबलावर तशीच राहिली.

पोरं कुठे थांबतात? लगेच गराडा. “सम्याभाई, माझी पण उघड ना.” “सम्याभाई, मला शिकव.” वैशालीने वही काढली. “एकदा सांगशील, कोणत्या फोल्डरमध्ये असते?” आणि त्याने सांगितलं. सगळं सांगितलं, न लपवता, मान खाली घालून. तिने लिहून घेतलं. लिहिता लिहिता एकदा त्याच्याकडे बघितलं, आणि पान उलटलं.

संध्याकाळी मीराबाईने ताटं मांडली. तीन.

“लवू कुठे राहिला? बोंबील गार होतायत. जा, हाक मार.”

“येईल.”

“येईल काय? जा म्हटलं ना.”

चार दारं ओलांडायची होती. लवूचं दार अर्धं उघडं होतं. लवू खाटेवर बसून चहात पाव बुडवून खात होता. सम्यक उंबऱ्यावर थांबला.

“आई बोलावतेय. जेवायला.”

“जेवलो.”

“बोंबील आहेत.”

लवूने पाव बुडवला, तुटला, चमच्याने शोधून काढला. “मावशीला सांग, उद्यापासून माझा भात लावू नको.”

“का म्हणून सांगू?”

“तू सांग ना. तुला सगळं माहीत असतं.”

लवूने कप धुवायला घेतला, नळ पूर्ण सोडला, त्यामुळे काही बोलायचं असतं तरी ऐकू गेलं नसतं.

घरी आई ताटासमोर पळी घेऊन बसली होती. “काय म्हणाला?”

ताप आलाय म्हणता आलं असतं. कुरिअरच्या पोरांबरोबर बाहेर जेवला म्हणता आलं असतं. सम्यकला अशा दहा गोष्टी सुचल्या, तो सुचण्यात कधी कमी नव्हता.

“उद्यापासून त्याचा भात लावू नको म्हणाला.”

मीराबाईने पळी खाली ठेवली. “का? काय झालं?”

“ती वैशाली आहे ना, आई, तिने...” त्याने सुरुवात केली, आणि थांबला. आई वाट बघत होती. तिसऱ्या ताटात भात वाढून झालेला होता, त्याच्यातून वाफ येत होती.

“नाही,” सम्यक म्हणाला. “मी.”